धावपट्टीशेजारची कडक भाकरी

माझ्या पुतण्याने एकदा मला विमानातून नाश्त्याला नेलं. हे मी सोलापुरात ज्याला ज्याला सांगितलं, त्याने पहिला प्रश्न एकच विचारला, "नाश्त्याला? विमानातून?" सात रस्त्यावरच्या चहाच्या गाडीपाशी माझा एक जुना मित्र तर चिडलाच. "काय बे, पैसा जास्त झालाय का त्यांना?" म्हणाला. त्या दिवशी त्याच्या गल्लीत पाण्याची पाळी होती, चार दिवसांनी आलेली, आणि मोटर लावायला तो घाईत होता. अशा माणसाला कुणी अंडी-पाव खायला विमान काढतं हे ऐकून राग यावा, यात त्याचं काही चुकलं नाही. नाश्त्याच्या टेबलावर जाऊन बसेपर्यंत माझ्याही मनात तेच होतं.

तरी आज मी दुसऱ्या बाजूने लिहितो आहे. होटगी रोडच्या आपल्या विमानतळावर छोटी विमानं उतरू द्यावीत. त्यातून येणाऱ्याला तिथे बसून जेवता यावं. आणि त्याच टेबलावर, खिशात विमानाचं तिकीट नसलेल्या सोलापूरकरालाही बसता यावं. या तिन्ही गोष्टी मी एकत्र मागतो. तिसरी वगळून कुणी पहिल्या दोन करणार असेल, तर त्याच्या विरोधात मी पहिला उभा राहीन.

आधी तो नाश्ता सांगतो, कारण माझं मत तिथे बदललं.

पुतण्या कॅलिफोर्नियात सॅन होजे शहरात नोकरी करतो. त्याच्याकडे खासगी पायलटचं लायसन्स आहे, विमान मात्र त्याचं स्वतःचं नाही. फ्लाइंग क्लबचं विमान तो तासाच्या भाड्याने घेतो, तासाला दीडशे-दोनशे डॉलर. ते होतं सेसना १७२. एक इंजिन, चार माणसं, पंख डोक्यावर. १९५५ साली ते पहिल्यांदा उडालं आणि आजवर अशी ४४ हजारांहून जास्त विमानं बनली. जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. आत बसल्यावर जुन्या फियाट गाडीची आठवण होते. दार ओढून लावावं लागतं, आणि ते नीट लागलं का हे पायलट स्वतः ढकलून बघतो.

निघण्याआधी त्याने जे अर्धा तास केलं, ते मी विसरणार नाही. त्याने आम्हा तिघांची वजनं विचारली आणि कागदावर बेरीज केली. पंखातल्या टाकीतून काचेच्या नळीत थोडं इंधन काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि तळाशी पाण्याचा थेंब नाही याची खात्री केली. तेलाची पट्टी काढून पुसली, परत बुडवून पाहिली. पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवून चरा पडलाय का ते बघितलं. घरी ताट उचलून ठेवायला ज्याला चार वेळा सांगावं लागायचं, तो हा मुलगा. एकेक ओळ वाचत, एकेक गोष्ट हाताने तपासत होता. मी मागे उभा राहून बघत होतो, आणि माझा राग तिथेच थोडा सैल झाला.

रीड-हिलव्ह्यू नावाच्या छोट्या विमानतळावरून आम्ही निघालो. डोंगरांची रांग ओलांडली, सॅन लुईसचा मोठा जलाशय खालून गेला आणि मग सॅन होआकिन खोऱ्याची बागायती जमीन सुरू झाली, चौकोनी, आखीव. तासाभराने मोठ्या महामार्गाच्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसली. हॅरिस रँच हे तिथलं प्रसिद्ध हॉटेल, आणि ती रेघ त्याची स्वतःची धावपट्टी, लांबी साधारण साडेआठशे मीटर, रुंदी जेमतेम नऊ. तिथे कंट्रोल टॉवर नाही. पुतण्या रेडिओवर स्वतःच सांगत होता की मी अमुक दिशेने येतोय, आता वळतोय, आता उतरतोय. आसपास दुसरा कुणी असलाच तर त्याने ऐकावं आणि आपलं ठिकाण सांगावं. उतरल्यावर विमान दोरांनी जमिनीला बांधलं आणि आम्ही चालत हॉटेलात गेलो. ते हॉटेल गोमांसासाठी नावाजलेलं. मी अंडी, बटाटे आणि टोस्ट घेतला. टोस्ट बरा होता. बटाटे आपल्याकडचे चांगले.

अमेरिकेतल्या पायलटांमध्ये याला 'शंभर डॉलरचा बर्गर' म्हणतात. बर्गर दहा-पंधरा डॉलरचा, बाकीचे पैसे इंधनाचे आणि भाड्याचे. हा शब्द पडला तेव्हा शंभरात भागत असेल, आता भागत नाही. नाव तेच राहिलं आहे. अशी ठिकाणं तिकडे भरपूर आहेत. लॉस एंजेलिससमोरच्या समुद्रात कॅटलिना बेटावर दोन टेकड्यांचे माथे कापून आणि मधली घळ भरून केलेली धावपट्टी आहे, समुद्रापासून सुमारे १६०० फूट उंच. तिथे लोक बायसनचा, म्हणजे अमेरिकी रानगव्याचा, बर्गर खायला उतरतात, आणि बेटावर फिरणारे बायसन १९२४ साली एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी बेटावर आणलेल्या कळपाचे वंशज आहेत. ती धावपट्टी खराब झालेली होती, तेव्हा २०१९ मध्ये अमेरिकी मरीन आणि नौदलाच्या तुकड्यांनी येऊन ती काँक्रीटची करून दिली, कारण दुर्गम जागी धावपट्टी बांधण्याचा सराव त्यांनाही हवाच होता. कॅन्ससमधल्या बोमाँट या चिमुकल्या गावात १८७९ सालचं एक हॉटेल आहे. तिथे विमानं गवतावर उतरतात आणि गावच्या रस्त्यावरून हळूहळू चालत येऊन हॉटेलपुढे उभी राहतात, आपल्याकडे लग्नघरापुढे जीप उभ्या राहाव्यात तशी.

एवढ्या लांब जाऊन लोक खातात काय, तर घरी मिळतं तेच. आपण वेगळं काय करतो? पौषात मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात हुरड्याला जातो, पन्नास-साठ किलोमीटर. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली गूळभेंडीची कणसं, बरोबर शेंगाचटणी, दही, गुळाचा खडा. हुरडा बाजारात मिळतो आणि घरी तव्यावरही भाजता येतो. तरी आपण गाडी काढतो, म्हातारी माणसं, पोरं, शेजारचे असे सगळे कोंबून नेतो, कारण निघण्याला काहीतरी निमित्त लागतं. जेवण हे आपल्या संस्कृतीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात सभ्य निमित्त आहे.

पायलटला तर निमित्ताची गरज जास्तच असते. अमेरिकेतला नियम असा की गेल्या नव्वद दिवसांत तीन वेळा उड्डाण आणि तीन वेळा उतरणं झालेलं नसेल, तर पायलटला बरोबर दुसरं माणूस बसवता येत नाही. दर दोन वर्षांनी प्रशिक्षकाबरोबर उडून उजळणीही करावी लागते. म्हणजे लायसन्स कपाटात ठेवून चालत नाही, हात चालता ठेवावा लागतो. पोहणं एकदा आलं की येतं म्हणतात. उतरवणं तसं नाही. वारा आडवा आला की पाय आणि हात यांचा मेळ लागतो, आणि तो तीन महिन्यांत गंजतो. पुतण्या म्हणाला, नाश्त्याला जायचं ठरवलं की सकाळी सहाला उठलं जातं, नाहीतर सराव पुढे ढकलला जातो. त्या नाश्त्याच्या टेबलावर इतरही पायलट होते, त्यातला एक पंच्याहत्तरीचा. तो पुतण्याला सांगत होता की उन्हाळ्याच्या दुपारी त्या पट्टीवरून निघताना हवा पातळ होते, टाक्या गच्च भरू नकोस. हे पुस्तकात असतंच, पण पुस्तक आपल्याकडे बघून 'तू आज किती वाजता निघणार आहेस' असं विचारत नाही.

याची आणखी एक बाजू आहे, आणि आपल्या शहराशी संबंध आहे तो तिचाच. ती छोटी विमानं येतात म्हणून त्या छोट्या धावपट्ट्या जिवंत राहतात. अमेरिकेत सर्वांना खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि नियमित प्रवासी विमानं जातात ती त्यातल्या पाचेकशे ठिकाणीच. बाकीचे जगतात ते शिकणाऱ्यांवर, फवारणीवाल्यांवर, रुग्ण नेणाऱ्या विमानांवर आणि अशा नाश्तेवाल्यांवर. कंपनीने मार्ग बंद केला म्हणून तिथे गवत उगवत नाही.

आपल्याकडे उगवतं. सोलापूरने हे पाहिलं आहे. किंगफिशरची विमानं काही काळ आली, मग थांबली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं आपला विमानतळ नेत्यांच्या विमानांसाठी आणि हेलिकॉप्टरसाठीच उघडत राहिला. मग चिमणीचा वाद. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. त्या दिवशी हे शहर दोन भागांत फाटलेलं होतं. एकीकडे विमानसेवा हवी म्हणणारे, दुसरीकडे ऊस घालणारे शेतकरी आणि कामगार, ज्यांच्यासाठी ती चिमणी म्हणजे वर्षाचा हिशोब होता. मी तेव्हा विमानसेवेच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. पण पडणारी चिमणी बघताना गप्प झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर २९ सप्टेंबर २०२४ ला नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ ला गोव्याची विमानसेवा सुरू झाली, १५ ऑक्टोबरला मुंबईची.

आनंद झाला, पेढे वाटले गेले. पण आकडे बघा. सत्तर-पंच्याहत्तर आसनांची विमानं, दिवसातून मोजकी. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. ज्या धावपट्टीसाठी कारखान्याची चिमणी गेली, ती दिवसातला बहुतेक वेळ मोकळी पडलेली असते, आणि साडेनऊ लाखांतल्या बहुतेकांचा तिच्याशी संबंध कुंपणापुरताच असतो. इतक्या महागात घेतलेली वस्तू दिवसातून थोडा वेळ वापरायची, हे मला पटत नाही.

मग छोटी विमानं आणायची कुठून? सोलापुरात सेसना घेऊन बसलेले हौशी श्रीमंत मला माहीत नाहीत, आणि त्यांच्यासाठी मी हे लिहीतही नाही. माझ्या डोळ्यांसमोर विद्यार्थी आहेत. बारामती, धुळे, गोंदिया इथे विमान उडवायला शिकवतात. व्यावसायिक लायसन्ससाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यात एक प्रवास असा करावा लागतो की एकट्याने किमान ३०० सागरी मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर उडायचं आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरायचं. नियमच तसा आहे. बारामती आपल्यापासून आकाशातून दीडशे किलोमीटरच्या आसपास, लातूर शंभर, कलबुर्गी सव्वाशेच्या आत, कोल्हापूर दोनशे. नकाशावर सोलापूर या सगळ्यांच्या मध्ये बसलं आहे. ही मुलं कुठेतरी उतरणारच आहेत. ती इथे उतरावीत, तासभर थांबावीत, जेवावीत, विमानतळाला उतरण्याचे आणि थांबण्याचे पैसे द्यावेत.

एकोणीस-वीस वर्षांची ती पोरं कशी असतात याची कल्पना करा. आईबापाने जमीन नाहीतर घर गहाण टाकून पन्नास लाखांच्या घरातली फी भरलेली. पहिल्यांदाच एकटं इतकं लांब आलेलं पोर घामेजलेल्या शर्टाने विमानातून उतरतं. त्याला त्या क्षणी एक ताट आणि कुणीतरी बोलायला हवं असतं. २०२३ मध्ये आपल्या दोन कंपन्यांनी मिळून जवळजवळ हजार विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने पाचशे आणि एअर इंडियाने चारशे सत्तर. ती कोण उडवणार आहे? आज शिकायला आपली मुलं अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत जातात, आणि त्यांचे बाप डॉलरचा भाव बघत झोपतात. भारतातला पहिला पायलट परवाना १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडी टाटांना मिळाला, आणि तो एका फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीहून टपाल आणलं आणि जुहूच्या मातीवर उतरवलं. आपल्या विमान कंपन्यांचा सगळा वृक्ष त्या हौसेच्या बीपासून उगवलेला आहे. सोलापूरचं विमान मुंबईहून यायला ९३ वर्षांनी नेमकी तीच तारीख उजाडली, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

आता आक्षेप. माझ्या मित्राचा पहिला, पाण्याचा. उजनी भरलेली असताना सोलापूरच्या नळाला पाळी लावून पाणी येतं, ही आपल्या सगळ्यांच्या जिवाला लागलेली गोष्ट आहे, आणि महापालिकेचा एक रुपया जरी या कामाला जाणार असेल तर मी ही मागणी मागे घेतो. जात नाही. धावपट्टी आहे, टर्मिनल आहे, रक्षक आहेत, अग्निशमनाची गाडी आहे. मी मागतोय ती थोडी काँक्रीटची जागा, विमान बांधायच्या कड्या आणि भाड्याने दिलेलं कँटीन. आणि सोलापूरच्या आकाशातली छोटी विमानं म्हटलं की मला तरी पाणीच आठवतं. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने आपल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात विमानांतून ढगांमध्ये बीज पेरण्याचे प्रयोग केले, आणि पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं मांडलं. ढगाच्या पोटाशी जाऊन काम करायला लहान विमानं लागतात.

दुसरा आक्षेप धुराचा, आणि तो मला पाण्याच्या आक्षेपाहून अवघड वाटतो. आमच्या त्या नाश्त्याला येताजाता मिळून साठ-पासष्ट लिटर इंधन जळलं. मोटारीने गेलो असतो तर निम्म्यात भागलं असतं. ते मी लपवत नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे सेसनासारख्या विमानांच्या इंधनात अजून शिसं असतं. आपण गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं २००० साली काढून टाकलं, विमानांच्या पेट्रोलमधलं राहिलं. ज्या रीड-हिलव्ह्यूवरून आम्ही उडालो, त्याच्या आसपासच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त आढळल्याचा अभ्यास २०२१ मध्ये आला आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, शिसं असलेलं इंधन विकणंच बंद केलं. होटगी रोडला विमानतळाच्या भिंतीपासून किती अंतरावर घरं आहेत हे आपल्याला माहीत आहे. तिथे खेळणाऱ्या पोरांच्या रक्तात एक कणही जायला नको. म्हणून माझी अट अशी की सोलापुरात शिशाचं इंधन साठवायचंही नाही आणि विकायचंही नाही. डायमंड कंपनीची डीए ४० सारखी प्रशिक्षणाची विमानं प्रवासी विमानांना लागतं तेच इंधन डिझेल इंजिनात जाळतात, त्यात शिसं नसतं, आणि ती भारतातल्या प्रशिक्षण संस्थांमध्ये वापरातही आहेत. आपण नव्याने सुरुवात करतोय, तर पहिल्याच दिवशी ही अट घालता येते. जुन्या विमानतळांना ती आता जड जाते आहे.

तिसरा आक्षेप अपघाताचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली. शिकाऊ विमान शहराच्या इतकं जवळ नको, असं कुणी म्हटलं तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. म्हणून मी इथे प्रशिक्षण संस्था मागितलेली नाही. दिवसभर एकाच धावपट्टीवर टेकायचं आणि पुन्हा उठायचं, हा सराव वस्तीवर नको. मी मागतोय तो थांबा. प्रवासी विमानाच्या वेळा सोडून, टॉवरवर माणूस असताना, चांगल्या हवामानात. आपल्या देशात असं विमान मनात आलं म्हणून उडतही नाही. फ्लाइट प्लॅन भरावा लागतो, हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक घ्यावा लागतो. सीमेवर शत्रू असलेल्या देशाने हे नियम ठेवावेत, माझी तक्रार नाही. ते फोनवरून, पटकन आणि ठरलेल्या वेळेत पार पडावेत एवढंच.

आणि आता कँटीनबद्दल, कारण माझा खरा जीव तिथे अडकला आहे.

माझी आई विडी वळायची. पूर्वभागात आमच्या गल्लीत घरटी एक सूप होतं, तेंदूची पानं आणि तंबाखूचं. तिने आयुष्यात विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. गोव्याचं विमान सुरू झालं त्या महिन्यात मी तिला रिक्षाने होटगी रोडला घेऊन गेलो. तिने डबा आणला होता, कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. ती कुठेही जाताना आणतेच. रस्त्याच्या कडेला आमच्यासारखे बरेच जण थांबले होते, कडेवर पोरं घेतलेले, गाडीवर उभे राहिलेले, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत एकमेकांना 'आलं, आलं' सांगणारे. विमान उतरलं. आई काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून बघत राहिली. मग म्हणाली, "आत च्या मिळतो का रे?" मी म्हटलं, मिळत असेल, पण आत जायला तिकीट लागतं. देशभर तसाच नियम आहे आणि सुरक्षेसाठी तो असायलाच हवा. ती बरं म्हणाली. दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही भाकरी मोडली.

सुरक्षेची रेघ कुठे आखायची, हे मात्र आपल्या हातात आहे. टर्मिनलच्या बाहेरच्या अंगाला, तपासणीच्या अलीकडे, धावपट्टीकडे तोंड करून काचेची भिंत असलेली एक खोली बांधायला कुठला नियम आड येतो? तिला दोन दारं ठेवावीत. विमानाकडच्या दाराने पायलट रक्षकाला ओळखपत्र दाखवून येईल आणि तसाच परत जाईल, रस्त्याकडच्या दाराने गाव येईल. प्रवाशांच्या इमारतीशी तिचा संबंधच ठेवायला नको. विमानतळावर सामान्य माणसाला परवडणारा चहा मिळायला हवा हे सरकारने तत्त्वतः मान्य केलेलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला उडान यात्री कॅफे सुरू झाला, दहा रुपयांना चहा, वीस रुपयांना समोसा. तो प्रवाशांसाठी आहे. माझं म्हणणं, तोच दहा रुपयांचा चहा कुंपणाच्या अलीकडच्या माणसालाही द्या.

चालवायला द्यायचं तर बचत गटाला द्या. या शहरातल्या कितीतरी बायका कडक भाकऱ्या करून परगावी पाठवतात. महिना-महिना टिकणारी ती भाकरी विमानात न्यायला याहून सोयीची वस्तू नाही. बारामतीहून आलेला मुलगा परत जाताना दोन पाकिटं शेंगाचटणी घेऊन जाईल. शनिवारी संध्याकाळी आपल्या महापालिका शाळेतली पोरं तिथे बसतील आणि पलीकडच्या टेबलावरच्या, त्यांच्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या मुलाला विचारतील की वर भीती वाटते का. विडी कामगाराच्या, यंत्रमाग कामगाराच्या मुलीने विमान चालवणारी मुलगी समोर बसून भाकरी खाताना पाहिलेली असली, तर दहावीनंतर काय व्हायचं याचा तिचा विचार वेगळा होतो. मला कुणी विचारलं असतं तेव्हा मी कंडक्टर म्हणालो होतो, कारण गणवेशातला जवळून पाहिलेला माणूस तेवढाच होता.

विमानतळ सल्लागार समितीला मी गेल्या आठवड्यात पत्र लिहिलं. दोन पानी आहे. छोट्या विमानांसाठी थांब्याची जागा, शिशाच्या इंधनाला बंदी, आणि दोन दारांची ती खोली, तिचं पेन्सिलने काढलेलं चित्रही जोडलं आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाला आणखी सह्या गोळा करायच्या असतील तर स्वतःच्या गल्लीतून स्वतंत्र पत्र पाठवावं, त्याचा उपयोग जास्त होतो. पत्र टाकून घरी आलो तेव्हा आईने विचारलं, खिडकी कुठल्या अंगाला काढलीस? मी म्हटलं, पूर्वेला. ती म्हणाली, सकाळचं ऊन डोळ्यावर येईल, पडद्याचं लिही.